कायमचं हलकं काम नको

३ जुलै
अमरावती-अकोला, दुसरी फेरी. बडनेऱ्यानंतर तिकिटं काढता काढता धाप लागली. मशीन बिघडल्याचं नाटक करून दांडीला टेकले. ड्रायव्हर गजाननभाऊ आरशातून, "बाई, कावून थांबल्या?" "मशीन अटकली." खोटं बोलायची सवयच लागली.

७ जुलै
सुट्टी. अकोल्यात, जठारपेठेत डॉक्टरकडे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एक जात, इओसिनोफिल, भरमसाट वाढली. म्हटलं, इस्नोफिलिया ना? डेपोत निम्म्यांना आहे, शिंका येतात. ते हसले नाहीत. या पेशी हृदयाच्या आतल्या अस्तरात शिरल्यात, ते कडक होत चाललंय. दुर्मिळ आजार. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि रक्त पातळ करायच्या.
दुर्मिळ! सोळा वर्षं कंडक्टर आहे, कोणी इतका मान दिला नव्हता.
पल्लवी रडली. मी लेकीसमोर नाही. न्हाणीत रडले ते धरायचं नाही.

१९ जुलै
बरं वाटतंय. पेशी उतरल्या. स्टेरॉइडनं तोंड मात्र फुगलं. एक म्हातारी चढता चढता, "बाई, मानवलं व तुले!"
संध्याकाळी डेपोतून पत्र. २ ऑगस्टला मेडिकल तपासणी. नापास तर टेबलावर, 'हलकं काम'. नवरा गेल्यावर याच नोकरीवर उभी राहिले. नाही बसणार.

२१ जुलै
स्टेरॉइड बंद केली. मेडिकलपर्यंत तोंड उतरलं पाहिजे. कोणाला सांगितलं नाही.

२७ जुलै
मूर्ख मी. पाय सुजले, सँडल चढेना. पल्लवीला गोळ्यांची पत्ती तशीच भरलेली सापडली. "मले न विचारता मरून राह्यली का तू?" तिनंच अकोल्याला नेलं. पेशी पुन्हा वर. डॉक्टर ओरडले, ही गोळी अशी एकदम सोडायची नसते. त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.
गजाननभाऊंना फोन करून सगळं सांगितलं. "मले कवाचं मालूम हाय. म्हून तर गाडी हळू काढत होतो."

१ ऑगस्ट
गोळ्या चालू. तोंड पुरीसारखं. असू दे.
डॉक्टरांनी लिहून दिलं: तीन महिने उभ्यानं काम नाही, मग पुन्हा हृदयाचा इको, मग ठरवू. तीन महिने बसेन. कायमचं लिहू देणार नाही. उद्या सगळी फाईल नेणार, गोळ्या सोडल्याचा कागदसुद्धा.
भीती वाटते. खूप.

२ ऑगस्ट
मेडिकलचे साहेब फाईल पाहून म्हणाले, "कायमचं हलकं काम लिहितो, तुम्हालाच सोपं पडेल."
"तीन महिने लिहा."
"आणि जिवावर बेतलं तर?"
"जीव माझा हाय, साहेब. मले तुमच्यापेक्षा जास्त भेव हाय. म्हणूनच तीन महिने म्हणून राह्यली."
साहेबांनी पेन खाली ठेवला. बाहेर बसा म्हणाले. बाकावर बसून लिहितेय. शिपाई दोनदा सांगून गेला, घरी जा, कागद येईल पोस्टानं.
मी उठले नाही.