कविवर्यांच्या खोलीची खिडकी लावू देण्याबाबत

प्रति,
मा. स्मारक अधिकारी,
स्मारक जतन कार्यालय, दुसरा मजला.

विषय : कविवर्यांच्या खोलीच्या खिडकीचे खिळे काढून मिळण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवरील आपले उत्तर, "जनभावनेचा आदर राखावा."

महोदय,

१. कविवर्य ज्या खोलीत वारले, त्या खोलीत मी, माझे यजमान व दोन वर्षांची मुलगी भाड्याने राहतो. "खिडकी लावू नका" हे त्यांचे अखेरचे शब्द आपण खिडकीखालच्या पाटीवर कोरले आहेत. मन सदैव खुले ठेवा, असा त्यांचा अर्थ अभ्यासकांनी लावला. कॉलेजात मीही त्यावर निबंध लिहिला होता; गुण चांगले पडले. पुढे आपल्या माणसांनी येऊन खिडकीची दोन्ही दारे उघडी धरून भिंतीला ठोकून टाकली.

२. तेव्हापासून मुलीचा खोकला हटत नाही. पाऊस आत, धूळ आत, रस्त्यावरच्या लोकांच्या नजरा आत. चादर टांगली की खालून हाक येते, "अहो ताई, पडदा काढा, फोटो घ्यायचाय!" मी काढते. भांडायचे त्राण उरलेले नाही.

३. घरमालकीण काकू या कविवर्यांच्या कन्या. मुलीची छाती शेकताना मी रडकुंडीला आलेली पाहून परवा त्या म्हणाल्या, "अगं, कसलं मन नि कसलं काय! सुतार नवी खिडकी घेऊन आला होता. बाबा अंथरुणातून म्हणाले, 'ती खिडकी लावू नका, वाकडी आहे, परत न्या.' शिष्यानं मधलं तेवढंच टिपलं आणि रडायला लागला." त्या रडारडीत सुताराने तीच वाकडी खिडकी बसवली. ती ही. "बाबांना वारा कुठे सोसायचा? मफलर गुंडाळून लिहायला बसायचे." मग आजवर बोलला का नाहीत, असे मी विचारले. "लोक हार घालून जातात गं. बापाचं शेवटचं वाक्य सुताराला होतं, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

४. हे मी आपल्या लिपिकांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "बाई, आता ते पाठ्यपुस्तकात आलंय." गार वारा येत होता, म्हणून बोलता बोलता उठून त्यांनी आपली खिडकी लावली.

५. शाळेची मुले पाटीसमोर उभी राहून ते वाक्य एका सुरात म्हणतात. माझी मुलगी ते शिकली आहे. छातीला मलम लावायला गेले, की माझा हात धरून म्हणते, "लावू नका."

पाटी काढा, असे माझे म्हणणे नाही. मलाही ते वाक्य आवडायचे. फक्त खिळे काढावेत. खिडकी वाकडी आहे, नीट लागणार नाही, ठाऊक आहे. फटीत कापड कोंबीन. लोक येतील तेव्हा उघडीन, मुलगी झोपली की लावीन. तेवढा हा अर्ज मार्गी लावावा. अर्ज लावू नका, असे कविवर्य कुठेही म्हणून गेलेले नाहीत.

आपली नम्र व थकलेली,
(सही)
कविवर्यांच्या खोलीतील भाडेकरू

दिनांक : मुलगी उठली, टपालाच्या शिक्क्यावरचा धरावा.

सोबत :
१. डॉक्टरांची चिठ्ठी.
२. काकूंचे निवेदन. सही करण्याबाबत त्या अजून विचार करत आहेत.
३. खिडकीचा फोटो. तो सरळ धरला आहे, वाकडी खिडकी आहे.