जाऊबाईंची तक्रार

३ मार्च, सोमवार. दुपार.
हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात. कागद वाया जाऊ नये म्हणून आजपासून रोजनिशी. देवापुढे हात जोडून संकल्प केला आहे की या पानांवर जाऊबाईंबद्दल वाईट एक अक्षर लिहायचं नाही.

आमच्या मागच्या गल्लीला लागून मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या एक मॅडम संशोधन करतात. पेशंटचं ऐकून डॉक्टर आजार ओळखतो तो नेमका कसा, आणि ते ओळखणं मुलांना शिकवता येतं का, हा त्यांचा विषय. त्यासाठी खोटे पेशंट हवे होते. आजार पाठ करायचा आणि शिकाऊ डॉक्टरांसमोर बसून सांगायचा. माझी निवड झाली. जाऊबाईंचीही झाली. त्या वरच्या मजल्यावर राहतात, सहज सोबत म्हणून आल्या होत्या. अर्जसुद्धा माझ्याच पेनने भरला. मी मॅट्रिक, तेही पहिल्या फटक्यात. त्या सातवी. हे वाईट म्हणून लिहिलेलं नाही, माहिती म्हणून लिहिलं आहे.

४ मार्च, मंगळवार.
आजार वाटले. जाऊबाईंना हृदय. मला पोटात जळजळ.

मॅडमना नम्रपणे विचारलं, अदलाबदल होईल का. म्हणाल्या, चेहरे बघून दिलेत. म्हणजे काय ते कळलं नाही. शेवटी एकाच पेशंटची फिल्म काढणार आहेत, ती पुढे कितीतरी वर्षं मुलांना दाखवणार. जळजळ होणाऱ्या बाईची फिल्म कोण काढतंय. परतताना जाऊबाई म्हणाल्या, धाकटे, तुझं बरं आहे, नुसता पोटावर हात ठेवून बसायचंय, मला बाई मरायला टेकायचंय.

मला हेवा नाही. थोरलीला आधी आणि धाकटीला उरलेलं, खोल्यांच्या वाटणीपासून हेच चालत आलंय. आता आजारातही.

६ मार्च, गुरुवार.
ट्रेनिंग. नियम असा की विचारलं तेवढंच सांगायचं, आणि प्रत्येक मुलाला अगदी तेच सांगायचं. तरच मुलांची तुलना होते. अर्ध्या मुलांना नेहमीसारखं शिकवलंय. उरलेल्यांना नवी रीत. आजाराचं नाव घेण्याआधी तीन शक्यता लिहायच्या, आणि मनात पहिली आलेली बाजूला ठेवून बाकीच्या दोन आधी तपासायच्या. कारण भले भले डॉक्टर म्हणे पहिल्या संशयालाच चिकटून बसतात आणि पुढे दिसेल ते सगळं त्याच्यातच कोंबतात. मला हसूच आलं. एवढी शिकलेली माणसं, अशी कशी फसतात.

मुलांनी पहिला प्रश्न एकच विचारायचा, तो मॅडमनी ठरवून दिलाय. काय तक्रार आहे?

१० मार्च, सोमवार. संध्याकाळ.
पहिला दिवस. पहिला मुलगा माझ्याहून घाबरलेला. मीच त्याला पाणी दिलं. सुरुवातीला स्क्रिप्टप्रमाणेच बोलले. जेवणानंतर जळजळतं, दूध घेतलं की शमतं. इतक्यात शेजारच्या खोलीतून जाऊबाईंचं कण्हणं ऐकू आलं, मग त्यांच्याकडचा मुलगा पांढराफटक पडून बाहेर आला. इतकं कण्हायचं स्क्रिप्टमध्ये आहे का, देव जाणे.

म्हणून पुढच्या मुलाला जळजळीबरोबर चक्करही सांगितली. त्याच्या पुढच्याला हातापायांना मुंग्या. शेवटी शेवटी मला एका डोळ्यानं दिसेनासं झालं होतं.

सर्वांत शेवटी जाड चष्मा लावणारी एक मुलगी आली. नव्या रीतीतली, सगळं लिहून घेते. विचारलंन, जळजळ कशानं वाढते? पटकन तोंडातून गेलं, शेजारच्या खोलीतल्या आवाजानं. तिनं तेही लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

जमा: अनुभव. खर्च: काही नाही, चहा कॉलेजचा.

१२ मार्च, बुधवार.
मॅडमनी बोलावून घेतलं. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकानं वेगळा आजार लिहिलाय. एकानं तर मेंदूचं ऑपरेशन सुचवलं. मी म्हटलं, बघा, साध्या जळजळीत किती भरलं. मॅडम डोळे मिटून थोडा वेळ बसल्या. भारावल्या असणार. माझे त्या दिवसाचे सगळे कागद त्यांनी गठ्ठ्यातून वेगळे काढलेत. जपून ठेवणार असतील. जाऊबाईंचे मात्र इतरांबरोबर तसेच पडलेत.

तरी उद्यापासून स्क्रिप्टच. मॅडम हात जोडून म्हणाल्या, मला नाही म्हणवेना.

१४ मार्च, शुक्रवार.
आज एक गोष्ट पाहिली. लिहू की नको असं झालंय, पण खरं ते लिहिलं पाहिजे. जाऊबाई बाजाराची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. मधल्या वळणावर थांबल्या. कठडा धरला, छातीवर हात, डोळे मिटलेले. मी खाली दाराआड होते. त्यांना वाटलं कुणी नाही. थोड्या वेळानं हात काढला आणि नेहमीसारख्या वर गेल्या.

म्हणजे तालीम. घरातसुद्धा, प्रेक्षक नसताना. फिल्मची हाव माणसाला कुठवर नेते. आणि घाम तर खरा होता. तो कसा आणतात? मी आरशासमोर श्वास कोंडून पाहिला. हे म्हणाले, काय झालं, ठसका लागला का? नुसतीच लाल झाले.

१५ मार्च, शनिवार.
पुन्हा. या वेळी कपडे वाळत घालायला गच्चीवर चढताना. उतरताना तालीम करत नाहीत, चढतानाच. अभ्यासू बाई आहे, मानलं पाहिजे.

१७ मार्च, सोमवार.
हद्द झाली. सकाळी पाण्याची कळशी वर नेताना थांबल्या आणि चक्क जबडा धरला. डावीकडचा. स्क्रिप्टमध्ये हात लिहिलाय, जबडा कुठेही नाही. मी चक्कर वाढवली तर मॅडमनी हात जोडले, आणि यांनी जबडा वाढवला तर चालतं.

मी पुढे जाऊन विचारलं, काय होतंय? म्हणाल्या, काही नाही गं, दाढ असेल. कुणाला बोलू नकोस, उगाच घर डोक्यावर घेतील. तोंडावर घाम होता, पण हसत होत्या. कुणाला बोलू नकोस म्हटल्यावर माझी खात्रीच पटली.

उद्या तक्रार करायची. हेव्यानं नाही, संशोधनासाठी. रात्री जप करताना दोनदा माळ चुकली, तीही त्यांच्यामुळेच.

१८ मार्च, मंगळवार.
तक्रार केली. जरा वेगळीच झाली.

मॅडम मीटिंगमध्ये होत्या. त्यांच्या टेबलाशी चष्मेवाली कागद लावत बसली होती. मी समोर बसले तशी सवयीनं म्हणाली, काय तक्रार आहे? म्हटलं, जाऊबाई. हेव्यानं नाही हो, संशोधनासाठी. आणि मग सगळं ओतलं. जिना, कठडा, छाती, जबडा, तो घाम, ते मोठेपण, घराच्या वाटणीत वरची हवेशीर खोली कुणाला मिळाली तेही.

तिनं खोलीचं नाही लिहिलं. विचारायला लागली, चढतानाच का? म्हटलं, चढतानाच. थांबलं की थांबतं? हो, लगेच. जेवणाशी संबंध? नाही, तो माझा आजार. दाढ दुखते तर खाताना दुखते का? म्हटलं, खाताना तर ठणठणीत असतात, काल माझ्या वाटचंही संपवलंन. एवढं बारीक लक्ष कसं, असं तिनं विचारलं. म्हटलं, घरचीच माणसं, लक्ष राहतंच.

मग तिनं तीन ओळी लिहिल्या. नाटक. दाढ. हृदय. मी म्हटलं, पहिलंच बरोबर आहे, पुढचे दोन कशाला? ती म्हणाली, काकू, पहिलं आहे म्हणूनच ते बाजूला ठेवते. आणि उठून मीटिंगच्या खोलीत घुसली, दारावर टकटकसुद्धा केलं नाही. आजकालच्या मुली.

मॅडम पिशवीसुद्धा न घेता आमच्या घराकडे पळाल्या. मला वाटलं, आता जाऊबाईंना चांगलं फैलावर घेणार.

१९ मार्च, बुधवार.
जाऊबाई कॉलेजच्याच दवाखान्यात. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद होती, आत बारीक स्प्रिंग घालून उघडली. आणखी दोन-चार दिवस जिने चढल्या असत्या तर संपलंच होतं, असं मॅडम म्हणाल्या.

थोरले भाऊजी माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. वीस वर्षांत कधी धड बोलले नाहीत. हे दिसेल त्याला सांगतायत, हिनं ओळखलं. नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं, म्हणून गप्प बसले.

मला तसं आधीपासूनच काहीतरी वाटत होतं. देवापुढे बसून तसं सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं.

२४ मार्च, सोमवार.
वॉर्डात गेले तर जाऊबाईंच्या पलंगाभोवती मुलांचा घोळका. यांना आता पाठसुद्धा करावं लागत नाही. मी कोपऱ्यात उभी, हातात त्यांचा धुतलेला टॉवेल.

मुलं गेल्यावर म्हणाल्या, धाकटे, तू चहाडी केलीस म्हणून वाचले गं. म्हटलं, चहाडी कसली, काळजी. त्या म्हणाल्या, बरं, काळजी. आणि हात धरून ठेवला. सुटत नव्हता. मीही ओढला नाही.

३१ मार्च, सोमवार.
मोठी बातमी. फिल्म होणार, आणि तीत मी. मॅडम स्वतः घरी आल्या होत्या. शिकवण्यासाठी माझ्या तक्रारीएवढं चांगलं उदाहरण त्यांना आजवर मिळालं नव्हतं म्हणे. चष्मेवालीला जे बोलले ते जसंच्या तसं कॅमेऱ्यासमोर बोलायचं. अखेर मॅट्रिकचं चीज झालं.

फिल्मचं नाव मात्र मला पसंत नाही. ‘नातेवाइकाच्या हेव्यातून आजार शोधणे’. म्हटलं, काळजीतून करा. मॅडम म्हणाल्या, बघू.

७ एप्रिल, सोमवार.
तालीम. जमली नाही. पाचही वेळा मॅडम म्हणाल्या, शब्द बरोबर आहेत, पण धार येत नाही. तुम्हाला जाऊबाईंचा राग यायला हवा. मी म्हटलं, माझ्या मनात मुळातच काही नाही, तर आणू कुठून?

जाऊबाई तब्येत दाखवायला आल्या होत्या, खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, धाकटे, माझ्याकडे बघून बोल, येईल. बघितलं. दंड उतरलेत, गळ्याची हाडं वर आलीत. हवेशीर खोलीचं वाक्य मी गाळलंच.

८ एप्रिल, मंगळवार.
शूटिंग झालं.

माझं काम जाऊबाईंनी केलं. त्याच म्हणाल्या, मला येतं, बघू का करून? मान अशी वाकडी केली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि म्हणाल्या, हेव्यानं नाही हो, संशोधनासाठी. हसता हसता चष्मेवालीचा चष्मा खाली पडला. मॅडम म्हणाल्या, पुन्हा घ्यायची गरजच नाही. पदराचं टोक मी असं गुंडाळत नाही. आत्ता लिहिताना बोट सोडवून घेतलं.

मलाही काम मिळालं. हृदयाचं. पेशंट म्हणून कुणीतरी मागे पलंगावर पडून राहायला हवं होतं. बोलायचं काही नाही, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि फिल्ममध्ये मला कुणी विचारतच नाही. वर पांघरूण गळ्यापर्यंत. नाकावर माशी बसली तरी हलले नाही.

सगळं आवरल्यावर चष्मेवाली पलंगाशी आली. सवयीनं म्हणाली, काकू, काय तक्रार आहे? म्हटलं, थोडी जळजळ होतेय. तिनं लगेच पेन काढलं, तीन ओळी लिहायला.

म्हटलं, राहू दे. एकच लिही, फिल्मच्या नावातलं.