साबणाने घासलेलं आईचं खापर

मंगळवार, संध्याकाळ. डिंडोली.

पार्सल द्यायला कॉलेजात गेलो आणि नेहमीसारखा भरकटलो. प्रयोगशाळेत एक मॅडम हजारो वर्षं जुन्या मडक्याचा तुकडा खरवडत होत्या. मी शेजारचा उचलला.

"अरे ठेव! फाफडा खाऊन आलास ना?"

माझं तोंड उतरलं तशा हसल्या. "तुझं तेल वरच आहे, खरवडून टाकीन. पण तेव्हा जे शिजलं त्याची चरबी मातीत मुरलीय. धुतलं तरी सगळी जात नाही. तपासलं की कळतं, दूध होतं की मांस."

काय बाई आहे! चिमूटभर भुकटीत कुणाचं तरी जेवण शोधते.

धुतलं तरी जात नाही. हेच डोक्यात घोळवत घरी आलो. आई हातावर पुरणपोळी पसरून ज्या खापरावर टाकायची, तिच्यामागे उरलेलं ते खापर गेल्या महिन्यात मीच साबणाने लख्ख घासलं. का घासलं? आईच्या हाताची चवच धुऊन टाकली म्हणून तेव्हापासून मावशी माझ्याशी धड बोलत नव्हती.

आज तिला सगळं सांगितलं. तिने खापर उचललं, नाकाशी धरलं.

"मंग तुनी मायना हात आजून मातीमझार शे."

आणि पुरणाची डाळ निवडायला बसली.