नागलीचं उत्तर

मंगळवार, १५ जुलै

आज परिपाठात चुकले ती मीच. रोजचा सामान्यज्ञानाचा प्रश्न मी जव्हारच्या बाजारातून आणलेल्या पुस्तिकेतून काढते. आजचा प्रश्न: आधी रोपं तयार करून मग शेतात लावतात, ते पीक कोणतं? छापील उत्तर, भात.

सातवीतल्या सुनंदाने हात वर केला. नखांत माती होती. “बाई, नागलीपण.” नाचणीला इकडे नागलीच म्हणतात.

“चूक. नागली पेरतात,” मी फटकन म्हटलं. का? पुस्तिकेत नव्हतं म्हणून?

“कालच रोपं उपटून आवणली आम्ही,” ती हळूच म्हणाली. पोरं हसली. तिने हात खाली घेतला, नखं मुठीत.

आणि मी कुठली? मोखाड्याचीच ना! डी.एड.ला जाईपर्यंत दर पावसाळ्यात आईबरोबर उतारावर वाकून नागलीची रोपं लावली. शाळेत बाईंना दिसू नये म्हणून नखांतली तीच माती काडीने काढायचे.

उद्या सगळ्यांसमोर माझी चूक सांगणार. त्यात लाज कसली? फळ्यावर भाताशेजारी नागली सुनंदाच लिहील.

उद्या नखं तपासायचा वार. सगळ्यांची तपासीन. तिची मातीसकट पास.