दारूकोठाराचं दार

४ जानेवारी
नेमबाजीचा कप आपलाच! थोरली आणि मधली, दोघींना आमच्या धाकटीने मागे टाकलं. एकाच नकाशावरून बांधलेल्या तीन युद्धनौका. तोफा सारख्या, पोलाद सारखं, फरक फक्त माझ्या डोक्याचा. दारूकोठाराचं दार दर खेपेला उघडा-लावा, यात वेळ जातो. मी पाचर मारून ते उघडंच ठेवलं, बारुदाच्या पिशव्या दारातच रचल्या. तोफ दुप्पट वेगाने सुटते. संकल्प: यावर पुस्तिका लिहिणे.

१९ जानेवारी
पुस्तिका छापून दोन्ही जहाजांवर गेली. कोठारावर माझा मेहुणा आहे. म्हणाला, दाजी, नियमात दार बंद आहे. जहाजावर साहेब म्हणायचं, असं सुनावलं. बायकोच्या शब्दाखातर मीच चिकटवला आणि मलाच अक्कल शिकवतो.

२ मार्च, दुपार
लढाई. थोरलीच्या तोफेच्या बुरुजावर एकच गोळा पडला आणि जहाज मधोमध फाटलं. हवेत माणसं उडाली. म्हणजे पाय, धडं. शत्रूचं नशीब, दुसरं काय.

संध्याकाळ
मधलीही तशीच गेली. रंग फार जाड लावला होता, त्याने पेट घेतला. मी सांगणारच होतो, राहून गेलं.

३ मार्च, सकाळ
मेहुण्याने दार लावून घेतलंय! बोलनळीतून झापला. म्हणाला, दोघी गेल्या, ही तरी राहू द्या. कोर्ट मार्शल करीन म्हटलं. मुकाट्याने उघडलं. शिस्त म्हणजे शिस्त.

९ मार्च, इस्पितळ
डावा हात गेला. बाकी तब्येत उत्तम. गोळा आमच्याच बुरुजावर बसला. तोफेवरची सगळी पोरं उभ्या उभ्या जळाली, वास अजून नाकात आहे. आग खाली पोचायच्या आत मेहुण्याने पिशव्या लाथाडल्या, दार आतून ओढून घेतलं आणि कोठारात पाणी सोडलं. जहाज वाचलं. तो आत बुडाला. आमची धाकटी तरंगते आहे, यात माझ्या तालमीचाही वाटा आहेच.

१५ मार्च
बायको आली. दार उघडं कुणी ठेवायला लावलं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तशी पद्धत होती. उठून गेली. डबा विसरली. न्यायला येईलच.

२० जून
चौकशी संपली. माझी साक्ष झाली, रंगाचं कारण मान्य झालं. पुस्तिका आता त्याच नकाशावरून बांधलेल्या नव्या, चौथ्या जहाजालाही लागू. त्या शेंडेफळावरच माझी नेमणूक, पण कोठारावर. एका हाताचा माणूस तोफेवर चालत नाही म्हणे. बढतीच म्हणायची. डबा बरोबर घेतलाय. संकल्प: दार बंद. काय वाटेल ते होवो, बंद.

४ जुलै, सकाळ
शत्रू दिसला. बोलनळीतून नवा तोफाधिकारी ओरडतोय, दार उघडा. पोरगेला आवाज, भलताच तोरा. मी नियम सांगितला. म्हणाला, साहेब, तुमचीच पुस्तिका वाचतोय. वर कोर्ट मार्शलची धमकी.

उघडलं. पाचर मारली. गोळा पडलाच तर पटकन ओढून घेईन. दार जड आहे, मेहुण्याला दोन्ही हात लावावे लागले असणार. मला एका हाताने जमेल.