राणू सापडली

कांदिवली

प्रिय भाऊ,

इथूनच तुमच्या पायांना हात लावते. आम्ही दोघं बरे आहोत.

महिनाभर बिल्डिंगमध्ये महापालिकेच्या निवडणुकीशिवाय विषय नव्हता. सुबोध एका पक्षाचा, समोरचे मुकुलदादा दुसऱ्याचे. जिन्यात एकदा इतकं वाजलं, की दोघांनी बोलणंच टाकलं. आपली राणू मांजर मात्र दोन्ही घरी जेवत राहिली.

निकालाच्या दुपारी मिरवणुकीत फटाके वाजले आणि राणू खिडकीतून पळाली ती परतलीच नाही. तुम्ही दिलेली कादंबरी मी उघडायचे, पण तेच पान परत परत वाचायचे.

एका सकाळी मुकुलदादा दारात उभे. "सुबोध, ती पंपाच्या खोलीत ओरडतेय. मला एकट्याला नाही धरता येणार."

सुबोध अनवाणीच गेला. परतले तेव्हा दोघांचे हात ओरबाडलेले आणि राणू सुबोधच्या शर्टात. "चहा टाक गं," सुबोध म्हणाला, "दादांनाही." निकालाचं नाव कुणी काढलं नाही.

राणू अजून पलंगाखालून बाहेर येत नाही. मलाही चैन नाही. तुमचा फोन आठवडाभर लागत नाही. तुमच्या शेजारच्या शुभाकाकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "बरे आहेत गं, जेवण तेवढं कमी झालंय." भाऊ, कमी म्हणजे किती? डॉक्टरांकडे गेलात का?

शनिवारी मी निघतेय. हे पत्र पोचेल तोवर कदाचित मीच दारात असेन. तरी लिहितेय, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

जेवून घ्या.

तुमची लेक,
प्रांजल