बाबाचे चुट्टे कोरडेच राहू दे

सुरेंद्र,

मी आईले घेऊन मूल गावाले मावशीकडं जाऊन राह्यली. भात झाकून ठेवला हाये, गरम करून घेजो.

बाबाच्या चुट्ट्याच्या डब्यात तू ओला कापूस ठेवला होता ना? मोबाईलवर पायलं असशीन. तसा ओलावा महागड्या सिगारले लागते. आपले सिरोंच्याचे तंबाखूच्या पानाचे चुट्टे कडक वाळवलेले रायते, ओलीनं त्याइले बुरशी लागते. बाबाची आठवण म्हणून तू जपून राह्यला, हे मले समजते.

काल दुपारी आई म्हणाली, "तुहे बाबा म्हणते, चुट्टा पेटत नाई."

बाबाले जाऊन वर्ष झालं, म्हणून मी लक्ष देल्लं नाई. मंग डबा उघडला तं सारे चुट्टे ओले. आईले कापसाचं काहीच मालूम नव्हतं. मी कापूस फेकला, चुट्टे उन्हात वाळवले आन् डबा बंद केला. सांजच्याले आई माह्याजवळ चुलीपाशी बसली होती, आन् ओसरीतून चुट्ट्याचा धूर आला. जाऊन पायलं तं बाबाच्या खाटेपाशी राख पडली होती. हात लावला तं गरम लागली.

आई यायले तयारच नव्हती. म्हणे, "त्याइले माचिस कोण देईन?"

म्हणून माचिस डब्यावर ठेवली हाये. तू हलवू नोको.

तुही ताई,
रिंकू